हूं म्हणा, देसाई

अनय, ईरा,

गेल्या रविवारी मी तुम्हांला फोनवर एक आवाज पाठवला. तुम्ही तो थोडासा ऐकून बंद केलात आणि कानांवर हात ठेवलेल्या माकडाचं चित्र मला परत पाठवलंत. तुमची चूक नाही. तो आवाज बराचसा कर्कशच आहे, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. पण त्याच्या आधी एक माणूस बोलतो. ते बोलणं तुम्ही नीट ऐकलंत की नाही, मला ठाऊक नाही. तो माणूस म्हणजे हुक्केरीकर अण्णा. ते या उन्हाळ्यात गेले. त्यांना ओळखणारी आमच्या वसाहतीतली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि त्यांतली लिहून ठेवायची सवय असलेली बहुधा मी एकटीच. म्हणून लिहिते आहे.

तुम्हांला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा हे आईने वाचून दाखवावं. ती वाचत असताना तुम्ही मधून मधून "हूं" म्हणत जा. का, ते पुढे येईलच.

आम्ही तेव्हा यशवंतपूरच्या पुढे, एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. तुमचे आजोबा आणि अण्णा एकाच विभागात इंजिनियर. आमची घरं जोडून होती आणि मधली भिंत इतकी पातळ, की सुधाअक्कांनी मिरचीची फोडणी टाकली की ठसका मला लागायचा. सुधाअक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी.

अण्णा बेळगावकडच्या हुक्केरीचे. त्यांचे वडील गावात पोथी सांगायचे. अण्णांनी ती गादी काही चालवली नाही, पण वडिलांचा आवाज मात्र पुरेपूर घेतला होता. अण्णा ठेंगणे, किडकिडीत. बुशशर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. जिन्यावरून आधी आवाज वर यायचा, मागून अण्णा. गोड आवाज म्हणता येणार नाही. पाण्याने भरलेल्या तांब्याच्या घागरीवर टिचकी मारली तर येईल तसा भरीव, आणि प्रत्येक अक्षर सुटं. श्रावणात ते घरी पोथी वाचत तेव्हा वसाहतीतल्या बायका दोन्ही घरांत बसत. अर्ध्या त्यांच्याकडे, आणि जागा मिळाली नाही की अर्ध्या माझ्याकडे, भिंतीपाशी.

ऐंशीच्या दशकात कधीतरी त्यांच्या मेहुण्याने विलायतेहून त्यांना एक कॉम्प्युटर आणून दिला. तुम्ही डोळ्यांपुढे जे आणाल तसं काहीही नव्हतं ते. डब्याच्या झाकणाएवढा काळा तुकडा, त्यावर रबराची बटणं. पडदा नाही. टीव्हीला जोडायचा. आत काही साठत नाही. वीज गेली की सगळं गेलं. जपून ठेवायचं तर टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात उतरवून ठेवायचं, आणि पुन्हा हवं असलं की ती कॅसेट त्याला ऐकवायची. तुम्ही ऐकलात तो कर्कश आवाज म्हणजे हेच. कॉम्प्युटर त्याच्या भाषेत बोलतो आहे.

बातमी पसरली आणि दर रविवारी जेवणं झाली की अण्णांच्या खोलीत कारखान्यातली मंडळी जमू लागली. तुमचे आजोबा अर्थातच सगळ्यांत आधी. वरच्या मजल्यावरचे मूर्ती, आणखी पाच-सहा जण. मेहुणा मासिकं पाठवायचा, त्यांत प्रोग्रॅम छापलेले असत. ते ओळीओळीने हाताने बडवायचे. एक अक्षर चुकलं तरी पुढचं सगळं फुकट. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं, असं ठरलं. आणि वाचायचं म्हटल्यावर ते काम अण्णांकडेच जायचं.

त्यांनी ते पोथीसारखंच सुरू केलं. त्यांना दुसऱ्या कुठल्या रीतीने वाचता येतच नव्हतं. चपला दाराबाहेर. हातपाय धुऊन बसायचं. वाचणाऱ्याने मध्येच उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मासिक पाटावर, आणि कॉम्प्युटर सत्यनारायणाच्या चौरंगावर, कारण टाइप करणारा टीव्हीसमोर जमिनीवर बसे. सुधाअक्का दर पौर्णिमेला दारात उभ्या राहून विचारायच्या, "देवाला चौरंग कधी मिळणार म्हणे?"

"स्वल्प थांब. तीन ओळी राहिल्यात," अण्णा म्हणायचे. तीन ओळी म्हणजे पाऊण तास, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पोथी ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. सांगणाऱ्याला कळावं, की समोरचा जागा आहे आणि ऐकलेलं त्याच्या आत पोचलं आहे. अण्णांनी हा नियम इथेही लावला. एक ओळ वाचायची, टाइप करणाऱ्याने ती पूर्ण करून "हूं" म्हणायचं, मगच पुढची. भिंतीपलीकडून मला दुपारभर ऐकू यायचं. अण्णांचा आवाज, "ओळ शंभर. कंस सुरू. कंस पूर्ण. स्वल्पविराम." मग तुमच्या आजोबांचं "हूं". मूर्तींना मराठी येत नव्हतं, पण त्यांचा हुंकार सगळ्यांत खणखणीत. ते म्हणायचे, "हूं गुट्टोके याव भाषे बेकु?" हुंकार द्यायला भाषा कशाला लागते!

तुमच्या आजोबांचा हुंकार मात्र बेभरवशाचा. एकदा जेवणात पुरणपोळी झालेली होती. आजोबा टाइप करायला बसले, आणि त्यांचा डोळा लागला. पण गंमत अशी, की झोपेतही ते वेळेवर "हूं" म्हणत राहिले. अण्णा डोळे मासिकात घालून वाचत होते. प्रोग्रॅम चालू केला तेव्हा पडद्यावरचा चेंडू भिंतीवर आपटून परत यायच्या ऐवजी भिंतीतून आरपार गेला आणि पुन्हा काही दिसला नाही.

"देसाई, चेंडू गेला कुठं?" अण्णांनी विचारलं.

"माझ्याकडे बघू नका. मी प्रत्येक ओळीला हूं म्हटलंय," आजोबा म्हणाले.

"म्हटलं की. पण घोरत म्हटलं." अण्णांनी मासिक मिटलं. "देसाई, खोटं बोललेलं चालेल एक वेळ. खोटा हुंकार नको."

हे वाक्य पुढे आमच्या घरात कायमचं राहिलं. तुमच्या आईने अभ्यास झाला म्हणून थाप मारली की आजोबा म्हणायचे, "खोटा हुंकार नको."

एका रविवारी मोठा प्रोग्रॅम घेतला होता. दुपार सगळी त्यातच गेली. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळी चालल्या होत्या, कॅसेट तयार ठेवलेली होती, आणि वीज गेली. मी इकडे चहा गाळत होते. पलीकडे इतकी शांतता, की मला वाटलं कुणाला काहीतरी झालं. मूर्ती उठून जायला निघाले असावेत, कारण अण्णांचा आवाज आला, "बसा की हो. कथा अर्धी टाकून जातात होय?" वीज आली तेव्हा बाहेर दिवेलागणी झाली होती. अण्णांनी पहिलं पान काढलं आणि म्हणाले, "ओळ दहा." प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीचा आकडा दहाच असायचा. आवाजात राग नाही, थकवा नाही. दुपारी पहिल्यांदा म्हणाले होते अगदी तसंच. त्या दिवशी प्रोग्रॅम चालला, आणि सुधाअक्कांनी कुणी न सांगता शिरा केला. तेव्हापासून ती प्रथाच पडली. प्रोग्रॅम चालला की उद्यापनाचा शिरा. नाही चालला तर नुसता चहा.

आता मी ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले तिच्याकडे येते.

हुक्केरीला अण्णांच्या आई होत्या. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं होतं. त्यांना रोज ऐकता यावी म्हणून अण्णांनी आख्खी पोथी स्वतःच्या आवाजात कॅसेटींवर वाचून पाठवली होती. चुकून कुणी पुसू नये म्हणून प्रत्येक कॅसेटच्या कडेची ती छोटी प्लास्टिकची चीप मोडून टाकली होती. चीप मोडली की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आई गेल्यावर त्या कॅसेटी परत आल्या आणि कपाटात राहिल्या.

पुढे रविवारच्या मंडळींचे प्रोग्रॅम वाढले. चिकपेटेच्या बाजारातून आणलेल्या कॅसेटी पुरेनात. एका सकाळी मी वाटीभर दही विरजणाला मागायला गेले, तर अण्णा खिडकीशी बसून त्या पोथीच्या कॅसेटींच्या मोडलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावत होते. पट्टी लावली की त्यावर पुन्हा भरता येतं.

सुधाअक्का म्हणाल्या, "अहो, त्यात तुमची पोथी आहे. आईंसाठी वाचलेली."

"पोथी कपाटात आहे की. छापलेली."

"पोथी आहे हो. आवाज?"

अण्णा हसले. "आवाज कुठं जातो? मी इथंच आहे की रोज बडबडायला. तूच म्हणतेस ना, स्वल्प गप्प बसा म्हणून?"

सुधाअक्काही हसल्या. मीही हसले आणि दही घेऊन घरी आले. पहिल्या कॅसेटवर त्यांनी कुठल्याही तारखेचा वार सांगणारा प्रोग्रॅम भरला. हळूहळू सगळ्या भरल्या.

त्याच सुमारास तुमच्या आजोबांनीही एक कॉम्प्युटर घेतला, आणि मूर्तींनीही. मग प्रोग्रॅमच्या प्रती एकमेकांना द्यायची पद्धत पडली. अण्णा कुणाला कशाला नाही म्हणत नसत. मागितलं की प्रत, न मागता दुसरी.

वर्षं गेली. कारखान्यात मोठे कॉम्प्युटर आले, मुलं त्यांतलं आमच्यापेक्षा जास्त शिकली, रविवार आपोआप बंद झाले. मंडळी निवृत्त झाली. आम्ही राजाजीनगरात घर घेतलं, अण्णा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला मुलाकडे, विनयकडे गेले. तुमचे आजोबा गेले तेव्हा अण्णा तिथून आले होते. माझ्याशेजारी बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, दुःखाने. नंतर कळलं, की घसा बसला होता आणि तो बरा होत नव्हता.

घशाचा कर्करोग होता. डॉक्टरांनी घाई केली, ते बरोबरच होतं. स्वरयंत्र काढावं लागलं. अण्णा वाचले. गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते विनयने आणलं. अण्णांनी एकदाच वापरून पाहिलं. चपट्या, घरघरत्या आवाजात ते "सुधा" म्हणाले, यंत्र खाली ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "हा मी नव्हे." जन्मभर यंत्रांवर जीव टाकलेला माणूस, पण ते यंत्र त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. पाटी-पेन्सिल घेतली. आणि ऐकताना हुंकाराच्या जागी बोटाच्या पेराने टेबलावर टकटक करू लागले. मी जाऊन काही सांगत बसले की वाक्यावाक्याला टक. त्यात खोटी टक एकही नसायची.

ऑपरेशननंतर वर्षभरात विनयला मुलगी झाली, सई. ती टकटकीवरच वाढली.

सई सात-आठ वर्षांची असताना मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. खाणं चाललं होतं. तिने मध्येच विचारलं, "आज्जी, आजोबा बोलायचे तेव्हा कसे साउंड करायचे?"

सुधाअक्का म्हणाल्या, "मोठा आवाज होता गं."

"लाउड की डीप?"

"दोन्ही. तुझ्या बाबासारखा. नाही, त्याच्यासारखा नाही." मग त्यांनी खाकरून, मान आत ओढून अण्णांची नक्कल केली. सई खिदळली. अण्णाही खांदे हलवून हसले आणि पाटीवर लिहिलं, "साफ चूक."

"मग राइट कसा?" सईने त्यांनाच विचारलं.

अण्णांनी पेन्सिल खिशात घातली. पाटी त्यांनी उलटी ठेवली.

स्वयंपाकघरात सुधाअक्का मला म्हणाल्या, "नलिनी, सगळं शोधलं गं. विनयच्या लग्नाच्या व्हिडिओत दिसतात, पण त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई बसवलीय. बाकी सगळे नुसते फोटो, तेही यांनीच काढलेले. फोनवर रोज बोलायचे, पण ते कोण ठेवतं? त्या कॅसेटी विनयने एकेक लावून पाहिल्या. नुसतं किरकिर, किरकिर." त्या पातेलं घासत राहिल्या. "मी तेव्हा स्वल्प जोरात बोलायला हवं होतं."

मेट्रोत बसून घरी येताना मी त्या किरकिरीचा विचार करत होते. अण्णांकडून आमच्याकडे प्रत आली, की आजोबा ती लावायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बंद करा ते!" आणि ते म्हणायचे, "अगं थांब, अजून अण्णांचंच चाललंय." अजून अण्णांचंच. त्या कर्कश आवाजाच्या आधी काहीतरी असायचं. सेंट्रल कॉलेज स्टेशनच्या सुमारास मला ते एकदम आठवलं, आणि मॅजेस्टिकला गाडी बदलताना मी जवळजवळ पळाले.

तुम्हांला माझी खोड माहीत आहे. शाळेत ग्रंथपाल होते. चिठ्ठी लावल्याशिवाय कुठलीही वस्तू मी ठेवत नाही. माळ्यावर एका खोक्यावर चिठ्ठी होती, "ह्यांच्या कॉम्प्युटर कॅसेटी. टाकू नये." टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता, तो एस. पी. रोडवरच्या एका दुकानदाराने हसत हसत बसवून दिला. मी पहिली कॅसेट उलटी गुंडाळून अगदी सुरुवातीला आणली आणि बटण दाबलं.

स्वतःच्या घरातल्या कॅसेटींवर अण्णा काही बोलत नसत. त्यांना ठाऊकच असे, कशात काय आहे. पण दुसऱ्याला प्रत देताना मात्र आधी बोलून ठेवत. ते मला पुरतं आठवत नव्हतं. त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून ते ऐकलं, आणि मग शेवटपर्यंत सगळ्या कॅसेटी ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून निघाले. मेट्रोच्या दारात तपासणाऱ्या मुलाने विचारलं, "इदु एनु, अज्जी?" हे काय आहे, आजी? मी टेपरेकॉर्डर सांगितल्यावर त्याने आपल्या मित्राला बोलावून दाखवला, आणि दोघांनी मिळून पिशवी माझ्या खांद्याला लावून दिली.

व्हाइटफील्डला अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी काही सांगितलं नाही. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, सईला म्हटलं, "हे बटण दाब." सुधाअक्का हात पुसत बाहेर आल्या.

थोडी खरखर. मग तो आवाज खोलीत आला, भरल्या घागरीचा.

"नमस्कार. हुक्केरीकर बोलतोय. ही प्रत देसाईंची. देसाई, चहाचा कप लांब ठेवा, मागच्या खेपेला सांडलात. यात वार सांगणारा प्रोग्रॅम आहे. माझा आवाज स्वच्छ येतोय तेवढंच बटण फिरवा, त्याहून जास्त नको, कमी नको. येतोय ना? हूं म्हणा, देसाई."

आणि मग तिथे रिकामी जागा होती. नुसती फीत फिरत होती. पोथी सांगणारा थांबतो तेवढं अण्णा थांबले होते.

सुधाअक्का उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. अण्णांचं बोट टेबलाच्या वर तसंच राहिलं, टक झाली नाही. सईने टेपकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. मी तिला काहीही शिकवलं नव्हतं, आईशपथ.

"हूं," सई म्हणाली.

"शाबास," टेपमधले अण्णा म्हणाले. "आता कानात बोटं घाला." खुर्चीतल्या अण्णांनी लगेच दोन्ही कानांत बोटं घातली, सईनेही घातली, आणि किरकिर सुरू झाली. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते. हसताना अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बोटं कानांत असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. सुधाअक्का उठल्या आणि पदराने त्यांचा चेहरा टिपला. मग कढईत रवा भाजल्याचा वास आला.

अण्णांना मी त्यानंतरही बऱ्याचदा भेटले, पण मला ते दिसतात ते असेच, कानांत बोटं घातलेले.

आता काय उरलं आहे ते नीट सांगते. अण्णांचा कॉम्प्युटर विनयच्या शोकेसमध्ये आहे, त्याची बटणं चिकट झाली आहेत, तो चालत नाही. आपला तर कधीच मोडीत गेला. हुक्केरीच्या आजींसाठी वाचलेली पोथी पुसली गेली, ती परत येणार नाही. प्रोग्रॅमही आता कुठे लावता येत नाहीत. आजोबांच्या खोक्यातल्या कॅसेटी शाबूत आहेत. त्यांतल्या एकीत मागून तुमचे आजोबा हसतात, ती तुम्हांला वेगळी पाठवते आहे. सगळ्यांवर सुरुवातीला अण्णांचा आवाज आहे. आणि प्रत्येक ठिकाणी "हूं म्हणा"च्या पुढे थोडी जागा मोकळी आहे.